शिक्क्यावरचं तेल

"बाई, तुम्ही इथे काय करताय?" असं म्हणत त्या गणवेशातल्या मुलीनं लोसाच्या दंडाला बोट लावलं. नुसतं बोट. पण लोसाला हातातली पिशवी खाली टेकवावी लागली. मुलगी असेल पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, तोंडात च्युइंगम. तिनं लोसाच्या हातातला पासपोर्ट स्वतःच घेतला, पानं चाळली, एका पानावर थांबली, पान जरा तिरकं धरून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, मग पाहुण्यांच्या रांगेत कशाला उभ्या राहिलात? तुमची रांग ती तिकडे. रहिवाशांची." पासपोर्ट परत लोसाच्या हातात आला. मुलगी दुसऱ्या कुणाला हाकलायला निघूनसुद्धा गेली, आणि लोसा दोन पट्ट्यांच्या मधे तशीच उभी. मागचा जपानी म्हातारा अदबीनं वाट बघत होता, पण तिचे पाय हलायला तयार नाहीत. पकडलं नव्हतं. फक्त रांग बदलायला सांगितलं होतं. एवढंच तर झालं होतं.

रहिवाशांच्या रांगेत जाऊन उभी राहिल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. दोष पायांचा. होनोलुलूच्या या विमानतळावर ती याआधी एकदाच उतरली होती, पंचविसाव्या वर्षी, तीन महिन्यांची परवानगी घेऊन, आणि तेव्हा ती पाहुण्यांच्याच रांगेत उभी होती. पाय तेव्हापासून तिथेच राहिलेले. तीन महिन्यांची तेवीस वर्षं झाली. कशी झाली ते विचारू नये. ज्यांची होतात त्यांनाही नीट सांगता येत नाही. आधी म्हटलं, जरा पैसे साठवू. मग केसाया पोटात आली. मग केसायाचा बाप अमेरिकेच्या मुख्य भूमीवर कामाला म्हणून गेला तो गेलाच, आणि लोसा कालिहीतल्या एका धुलाईखान्यात हॉटेलांच्या चादरी धूत राहिली. गेलं की परत येता येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून जायचं नाही. वडील गेले तेव्हा जायचं नाही. आई गेली तेव्हाही जायचं नाही. आई गेली त्या दिवशी तिनं पाळी बदलून घेतली नाही. चादरींच्या वाफेत उभी राहून रडली, तिथे वाफेनं सगळ्यांचेच चेहरे ओले असतात. शेजारी उभ्या असलेल्या नेनिताच्या तेवढं लक्षात आलं. ती फिलिपिनो, स्वतः बारा वर्षं कागदांची वाट बघून बसलेली. ती नुसती लोसाच्या वाटची जड गाडी आपल्याकडे ओढून घेत राहिली.

रांग पुढे सरकली. लोसानं पासपोर्ट हळूच उघडून पुन्हा ते पान पाहिलं. दोन दिवसांत तिनं ते शंभर वेळा पाहिलं असेल. पान आता कागदासारखं राहिलंच नव्हतं, भज्याखालचा कागद होतो तसं पारदर्शक झालं होतं, आणि त्यावरचा शिक्का, तिचा तो एकुलता एक शिक्का, कडेनं पसरून समोरच्या पानावरही उलटा उमटला होता. अक्षरं वाचता येत होती. तारीख मात्र अशी झाली होती की शेवटचा आकडा सहा म्हटला तर सहा, आठ म्हटला तर आठ. शिक्क्यात म्हटलं होतं की ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत हाच त्या कार्डाचा पुरावा समजावा. कार्ड अजून यायचं होतं. इथेच जन्मून इथली नागरिक झालेल्या केसायानं एकविसाव्या वर्षी आईसाठी अर्ज केला, कागद मंजूर झाले, पत्र आलं, माय-लेकी स्वयंपाकघरात एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या. पण कार्ड काही येईना. आज येईल, उद्या येईल. लोसा कामावरून आली की आधी टपालपेटी उघडायची. पेटीत पिझ्झाची जाहिरात.

आणि त्यातच फेलेतीचा फोन आला. फेलेती म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तिच्या टोंगा बेटांवर भाऊ बहिणीशी थट्टामस्करी करत नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकत नाही, फोनसुद्धा थेट तिला करत नाही. आधी बायकोला लावायला लावतो, मग घसा खाकरून दोन वाक्यं बोलतो. तसंच झालं. त्याच्या बायकोनं, लुपेनं, सगळं सांगितलं, मग फोनवर घसा खाकरल्याचा आवाज आला. "ताई, सिआलेचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात." मग पुन्हा घसा खाकरला. "या वेळी तुमची जागा रिकामी ठेवणं मला जमणार नाही." भाऊ एवढंच बोलला, पण लोसा हातातल्या फोनकडे बघत पलंगावर बसून राहिली. जागा म्हणजे काय ते तिला कुणी समजावायला नको होतं. भावाच्या लेकरांवर बापाच्या थोरल्या बहिणीचा हक्क सगळ्यांत वरचा. तिला फाहू म्हणतात. लेकराच्या प्रत्येक कार्यात ती सगळ्यांच्या वर बसते, पहिला मान तिचा, आलेली भेट आधी तिच्यापुढे, आणि ती जे मागेल ते नाही म्हणायची कुणाची टाप नाही. सिआले जन्मली तेव्हा लोसा इथे. सिआले वर्षाची झाली तेव्हा ती वरची जागा सोडून सगळे बसले. एकविसाव्या वाढदिवसाला तर लुपेनं त्या जागेवर उशी मांडली, उशीवर फोन ठेवला आणि फोनचा आवाज मोठा केला. फोनलाच फाहू केलं! लोकांनी येऊन फोनपुढे चटया ठेवल्या. लोसा इकडे धुलाईखान्याच्या मागच्या पायरीवर बसून "आभारी आहे, आभारी आहे" म्हणत होती, आणि तेवढ्यात मुकादमानं हाक मारली म्हणून तिला फोन बंद करावा लागला.

"जाऊ नकोस," नेनितानं बजावलं. "कार्ड हातात येऊ दे. अगं, शाईचं काय खरं? विमानात चढू दिलं नाही तर बसशील तिकडेच नारळ मोजत. तेवीस वर्षं कळ काढलीस, आणखी दोन महिने निघणार नाहीत?" केसाया तर सरळ भांडलीच. "आई, मी एवढी रांगेत उभी राहिले, एवढे कागद भरले, ते तू चटईवर बसायला जावंस म्हणून?" लोसा म्हणाली, "हो."  दुसऱ्या दिवशी केसायाच आईला घेऊन सरकारी कचेरीत गेली, लग्नाची पत्रिका दाखवली, वेळ घेतली, आणि टोंगाच्या तांबड्या पासपोर्टात तो शिक्का मारून घेतला. बाहेर आल्यावर पोरीनं आईच्या नाकासमोर बोट नाचवलं. "हा पासपोर्ट कुठे ठेवशील? जिवाजवळ. अंघोळीलासुद्धा घेऊन जा. हा हरवला तर तू तिकडे आणि मी इकडे, कळलं?" लोसानं मान हलवली. तिला कळलं होतं. केसायाला तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही केसायाशिवाय कुणी नव्हतं. परत येता आलं नाही तर जे मिळालं ते सगळं फुकट, हे काय तिला माहीत नव्हतं? तरी ती गेली. यालाच काही लोक वेडेपणा म्हणतील. म्हणोत.

पण गंमत अशी की जिवाजवळ ठेव म्हणून सांगितलेली वस्तू तिनं जिवाजवळ ठेवलीच, फक्त तिच्या आईनं शिकवलेल्या पद्धतीनं. गावात पोचली तेव्हा घर माणसांनी फुटायला आलेलं. अंगणात मांडव, मागे डुकरं भाजण्यासाठी खड्डे, अळूच्या पानांचे भारेच्या भारे, आणि पोरं तर विचारू नका. परदेशातून आत्या आली म्हणजे तिची पेटी सगळ्यांची. पहिल्याच तासात तिची चप्पल एका भाचीच्या पायात, तिचा साबण कुणाच्या हातात, अत्तराची बाटली तर अंगणात फिरून अर्धी होऊन परत आली. मागितलेलं द्यायचं, हा आपला रिवाज. राग यायचं कारणच नाही. पण पासपोर्ट? आई पैसे, दागिने, वडिलांची पत्रं, जे जे कुणाच्या हाताला लागू नये ते ते गादीखाली अंथरलेल्या चटयांच्या घडीत ठेवायची. केवड्याच्या पातीची, कापडाहून मऊ, काठाला तांबड्या पिसांची झालर असलेली ती जुनी चटई. आईनं ती आपल्या सासूकडून घेतली होती आणि कधी कुणाला दाखवलीसुद्धा नव्हती. लोसाला झोपायला तीच खोली दिली होती. रात्री गादी उचलून पाहिलं तर चटई तिथेच, तशीच. तिनं वास घेतला. आईच्या खोलीचा वास आला. डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं पासपोर्ट मधल्या घडीत सरकवला आणि गादी खाली सोडली. होनोलुलूतली एकही बाई ही चूक करणार नाही. टोंगातली प्रत्येक बाई करेल.

रांग थांबली होती. पुढे कुणाचं तरी रडणारं पोर, कुणाच्या तरी पिशवीत फळ सापडलेलं. लोसानं आपले हात पाहिले. टोंगातले ते सात दिवस तिला कुणी झाडू उचलू दिला नव्हता. पहिल्या सकाळी सवयीनं उठून तिनं अंगणातली पानं गोळा करायला घेतली तर लुपे किंचाळलीच. "वन्सं, काय करताय? लोक बघतील तर मला शेण घालतील तोंडात!" आणि झाडू हातातून ओढून घेतला. भांडं धुवायला गेली तर तिथून हाकललं. मग काय करायचं? बसायचं. वर बसायचं. पोरी येऊन खोबरेल तेलानं तिचे पाय चोळायच्या, हात चोळायच्या, आणि हातावरच्या भेगा बघून आपापसात कुजबुजायच्या. एक दिवस सिआले स्वतः आली. भाची पहिल्यांदा बघितली ती अशी: उंच, खांद्यानं रुंद, बापासारखं कपाळ, आणि आत्यापुढे मान खाली. तिनं लोसाचा तळवा हातात घेतला, बराच वेळ बोटांवर बोट फिरवत बसली. "आत्या, इथल्या रेषा कुठे गेल्या?" "चादरींना दिल्या," लोसा म्हणाली. पोरगी हसली नाही. तेल घेऊन तिनं एकेक बोट चोळलं, आणि मधेच म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही फोनमध्येच राहता." मग दोघी हसल्या, हसता हसता लोसाला रडू फुटलं, आणि पोरीनं ते न दिसल्यासारखं करून दुसरा हात मागितला.

शनिवारी सकाळी लोसाला कमरेला मोठी चटई गुंडाळून, गळ्यात हार घालून, सगळ्यांच्या आधी मांडवात नेऊन बसवलं. तिच्यापेक्षा वर कुणी नाही. धर्मगुरू खाली, गावचा मुखिया बाजूला. तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. तेवीस वर्षं ती जिथे बसली तिथे कोपऱ्यात बसली होती, बसमध्ये शेवटच्या बाकावर, चर्चमध्ये खांबामागे. आणि आता चारशे माणसं तिच्याकडे तोंड करून. मग सिआलेला आणलं. अंगावर तेल चमकतंय, केसांत फुलं, कमरेपासून छातीपर्यंत चटयांवर चटया, चालताना पोरगी ओंडक्यासारखी डुलतेय. सगळ्यांत आतली, अंगालगतची चटई, तिचा काठ गुडघ्याशी दिसत होता. तांबडी पिसं. आईची चटई! लोसाचा ऊर भरून आला. लुपेनं गादीखालून काढून आपल्या पोरीला नेसवली, थोरल्या नणंदेच्या मानासाठी घरातली सगळ्यांत जुनी चटई बाहेर काढली. केवढं मोठं मन! आणि तो ऊर भरून आलेला असतानाच, एका क्षणात, तिला आठवलं. पासपोर्ट.

पुढचा सगळा विधी तिला आता नीट आठवत नाही. चर्चमध्ये गाणी झाली, चारही आवाजांत, छप्पर उडेल अशी. तिला नुसती सिआलेची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरची चटयांची जाड गुंडाळी. आत कुठेतरी ती. पोरगी गुडघ्यावर बसली की हिचा जीव वर, उठली की खाली. आणि तिला पुढचं ठाऊक होतं. नवरी नवऱ्याच्या मांडवात गेली की तिच्या अंगावरच्या सगळ्या चटया सोडवून त्यांच्या फाहूपुढे ठेवायच्या; ठेवल्या की त्या त्यांच्या. ती बाई त्यातल्या चार कुणाला देईल, दोन बोटीत घालून वावाऊ बेटावर पाठवील. आणि विमान सोमवारी. गुपचूप लुपेच्या कानात सांगावं? लुपे लांब, आणि चारशे माणसांच्या देखत फाहू उठून कुजबुजत नाही. गप्प बसावं, मग मागून निरोप धाडावा? लोसाला गप्प बसता येत होतं. त्या कलेत तर तिनं तेवीस वर्षं घातली होती. मुकादमानं पगार कापला, गप्प. घरमालकानं नळ बंद केला, गप्प. गणवेश दिसला की रस्ता ओलांडायचा, आणि गप्प. तीच गप्प बसायची सवय आताही आड येत होती, आणि समोर नवऱ्याच्या मांडवात पोरी सिआलेच्या चटयांच्या गाठी सोडायला लागल्या होत्या. पहिली चटई गेली. दुसरी गेली. नवऱ्याकडची फाहू, एलेनोआ नावाची, दोन माणसांच्या जागेवर एकटी बसलेली, हातातला पंखा हलवत एकेक चटई नजरेनं जोखत होती.

"थांबा," लोसा म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिनं तो कधी ऐकला नव्हता. गाठी सोडणाऱ्या पोरी थांबल्या. ती उठली. बसलेल्यांच्या मधून चालत गेली, माणसं गुडघे दुमडून वाट देत होती. "ती आतली चटई आधी माझ्याकडे आणा."  दिलेलं परत मागायचं? तेही नवऱ्याच्या दारात? लुपेचा चेहरा पांढराफटक. सगळ्यांनी फेलेतीकडे पाहिलं. फेलेतीनं बहिणीकडे मान वर करून पाहिलं नाही, ते त्याला करताच येत नव्हतं, जमिनीकडे बघतच तो मोठ्यानं म्हणाला, "ताई म्हणतात ते करा." एलेनोआनं पंखा मिटला. "होनोलुलूची बाई, मन फिरलं होय? का तिकडे लोक देऊन परत घेतात?" काही लोक हसले. लोसा तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "चटई तुझीच आहे. आतलं माझं." आणि भर मांडवात तिनं आपल्या भाचीच्या अंगावरून आईची चटई सोडवली, उलगडली, झटकली. तांबडी वही एलेनोआच्या मांडीवर जाऊन पडली. तिनं ती उचलली, उघडली, फोटो पाहिला, लोसाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे, आणि मग त्या बाईला असं हसू फुटलं की तिच्या अंगाबरोबर खालची चटईही हलायला लागली. "अगं बयो! नवरीच्या पाठीला अमेरिका बांधून आणलीस!" मग काय, मांडव कोसळायचा बाकी राहिला. मुखिया हसला, धर्मगुरू तोंड लपवून हसला, सिआले तर हसून हसून खाली बसली. एलेनोआनं पासपोर्ट दोन्ही हातांनी लोसाला दिला, लोसानं चटई दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. कुणीतरी ढोल धरला. आणि लोसा नाचली. फाहूला नाचायची मुभा असते, वेडंवाकडं, हवं तसं. ती पासपोर्ट डोक्यावर धरून नाचली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मध्यान्ही, चारशे माणसांच्या पुढे, आणि एलेनोआ उठून तिच्या मागोमाग नाचायला आली. शरम वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेलाचं संध्याकाळी कळलं. पोरीच्या अंगावरचं सगळं तेल चटईनं प्यायलं होतं आणि चटईतून पासपोर्टानं. लुपे रडायला लागली, तिनं पानावर पीठ टाकलं, उन्हात धरलं, इस्त्री करायला निघाली तेव्हा मात्र लोसानं हात धरला. रविवारी तिकडे पान हलत नाही. दिवसभर चर्च आणि जेवण आणि झोप. सोमवारी दुपारी विमानतळावरच्या पोऱ्यानं पासपोर्ट हातात घेतला, पान बोटांत चोळलं, आणि आधी विचारलं ते हे: "तुम्हीच का त्या चटईवाल्या?" बेटावर बातमीला पाय लागत नाहीत, ती आधीच पोचलेली असते. त्यानं कुठे कुठे फोन लावले, कानाला फोन धरून तिच्याकडे बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "इथून मी सोडतोय, आत्या. तिकडचं तुम्ही आणि ते." फिजीतल्या नांदीला विमान बदललं. सोमवारी दुपारी निघालेली बाई समुद्रावरची ती तारीख बदलणारी रेघ ओलांडून सोमवारीच सकाळी होनोलुलूला उतरली. एक दिवस परत मिळाला. तेवीस वर्षांतला एक, असं तिला वाटलं, आणि मग पाय पाहुण्यांच्या रांगेत गेले.

"पुढे या." काचेमागचा माणूस गोरा, थकलेला, चष्मा कपाळावर. "कार्ड?" "अजून आलं नाही. शिक्का आहे." त्यानं पान उघडलं. चष्मा डोळ्यांवर आला. पान दिव्याखाली धरलं, मग नाकाशी नेलं. "याला काय लावलंय?" लोसाच्या तोंडाशी आलं होतं की पाऊस लागला, पाणी सांडलं, काहीतरी, इतकी वर्षं अशी उत्तरं तयार ठेवूनच ती घराबाहेर पडायची. पण तो मांडव अजून अंगात होता. "खोबरेल तेल," ती म्हणाली. "पासपोर्ट नवरीच्या चटईत गेला होता." माणसानं पान पुन्हा दिव्याखाली धरलं. "तारीख वाचता येत नाही, बाई." त्यानं कुणाला तरी हात केला, आणि तिला एका बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर झेंडा, एक कोरियन जोडपं एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेलं. इथे जीव घाबरायला हवा होता. घाबरला. केसायाचा चेहरा समोर आला, नाकासमोर नाचणारं बोट. लोसा खुर्चीत ताठ बसली. वर बसायची सवय सात दिवसांतसुद्धा लागते म्हणायची.

मग एक अधिकारी बाई आली, पन्नाशीची, केसांत पांढरं, हातात तिचा पासपोर्ट दोन बोटांत मेल्या माशासारखा धरलेला. "मिसेस लोसालिने?" ती समोर बसली. "एवढी काय घाई होती हो? कार्ड येईपर्यंत थांबायचं. लोक थांबतात." लोसा म्हणाली, "मी गेल्याशिवाय ते बसले नसते." "कोण?" "सगळे. भावाच्या मुलीचं लग्न होतं. मी आधी बसायचं, मग बाकीचे." तिनं ते असं सांगितलं जसं पाणी उतारावरून वाहतं हे सांगावं. अधिकारी बाईनं पेन टेबलावर ठेवलं. तिला हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नसावं. मग ती म्हणाली, "शिक्का गेला तर गेला. आमच्याकडे नोंद असायला हवी. बोटं ठेवा." आणि काच पुढे सरकवली.

आणि आता खरा घोळ होता, जो लोसालाच ठाऊक होता. तिच्या बोटांचे ठसे यायचे नाहीत. अर्ज केला तेव्हा तीनदा बोलावलं होतं, तिन्ही वेळा यंत्रानं नकार दिला; गरम पाणी, सोडा आणि तेवीस वर्षांच्या चादरी, बोटांची टोकं पाटीसारखी कोरी. चौथ्या वेळी कसेबसे घेतले, तेही अर्धेमुर्धे. केसाया तेव्हा बाहेर येऊन म्हणाली होती, "आई, तू आहेस याचा पुरावाच नाही." थट्टेनंच म्हणाली होती. लोसानं चार बोटं काचेवर ठेवली. हिरवा उजेड खालून सरकला. यंत्र गप्प.  अधिकारी बाई म्हणाली, "जरा दाबा." तिनं दाबली. उजेड पुन्हा सरकला, आणि पडद्यावर, बाईच्या चष्म्यात लोसाला त्याचं प्रतिबिंब दिसलं, चार काळ्या गोल गोल आकृत्या उमटल्या. रेषा. भरघोस, एकात एक वळलेल्या. तिनं हात उलटा करून बघितला. नऊ दिवस पाण्याला हात लावला नव्हता. भांडं नाही, झाडू नाही, चादर नाही. वर बसून राहिली होती, आणि बसल्या बसल्या हाताला हात फुटले होते.

"आल्या की," ती मोठ्यानं म्हणाली. कोरियन जोडप्यानं वळून पाहिलं. पडद्यावर तिचा फोटो आला, नाव आलं, खाली लांबलचक ओळी. बाईनं वाचलं, एकदा तिच्याकडे पाहिलं. "किती दिवस बाहेर होतात?" "नऊ." "आता पुढच्या वेळी चटईत ठेवू नका," असं म्हणून तिनं तेलकट पानं सोडली, कोरडं पान शोधलं, आणि नवा शिक्का असा जोरानं मारला की टेबलावरचं पेन उडी मारून खाली पडलं. लोसानं वाकून पेन उचललं नाही. बाईनंच उचललं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. केसाया कामावर गेलेली, संध्याकाळी भेटणार, तिला निरोप धाडला, एकच शब्द: "आत." पिशवी खांद्याला लावून लोसा रस्त्याच्या कडेला आली. तिथे एक पोलीस उभा होता, धिप्पाड, दोन्ही हातांनी मोटारींना पुढे ढकलत, तोंडात शिट्टी. या शहरात तेवीस वर्षं झाली, पण एकाही पोलिसाशी ती अजून बोललेली नव्हती. कुठली बस कुठे लागते ते तिनं पाठ करून ठेवलं होतं, कुणाला विचारायची वेळ येऊ नये म्हणून. कालिहीची बस समोरच्या खांबापाशी लागते हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, कालिहीची बस कुठे लागते?"

त्यानं शिट्टी तोंडातून काढली. "ती काय, त्या खांबापाशी. वीस नंबर. दहा मिनिटांत येईल, मावशी."

"ऐकू नाही आलं," लोसा म्हणाली. "परत सांगा."

आणि त्यानं मागच्या सगळ्या मोटारी थांबवून परत सांगितलं.